पहिला बल्ब की दुसरा?

भोपाळच्या चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांच्या मागे आउटहाउस असतात. ड्रायव्हर, खानसामे, माळी यांची कुटुंबं तिथं राहतात. अशाच एका बंगल्याच्या मागच्या पडवीत भौतिकशास्त्राच्या एक निवृत्त मराठी शिक्षिका दहावीतल्या मुलांचा वर्ग घेतात. मुलगा सरकारी अधिकारी, म्हणून त्यांचा मुक्काम इथं. मी त्यांना काकू म्हणतो, मुलं मॅडम. सामान मोजकंच: भिंतीवर टीव्ही, जुना लॅपटॉप, काकूंचा फोन आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छापील खुणांचा गठ्ठा.

मी गेलो त्या संध्याकाळी एकसर जोडणी चालू होती. फळ्यावर एक बॅटरी आणि तिला एकापुढे एक जोडलेले दोन सारखे बल्ब. काकूंनी विचारलं, "कौन सा ज़्यादा जलेगा? ए पहला, बी दूसरा, सी दोनों बराबर."

मुलांनी आपापला पुठ्ठा हातात घेतला. प्रत्येकावर काळ्या चौकोनांची वेगळी खूण, चारही बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असा पुठ्ठा फिरवून धरायचा. काकूंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून डावीकडून उजवीकडे नेला आणि कोणी काय निवडलं ते त्यांना फोनवर दिसलं. या ॲपचं नाव प्लिकर्स. मुलांकडे फोन असण्याची गरजच नाही. खुणा वेगवेगळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उत्तर देणंही जड जातं. "हात वर करा म्हटलं की रोज तेच चार हात वर येतात," काकू मला म्हणाल्या. "बाकीच्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला परीक्षेचे पेपर तपासताना कळायचं. तोवर धडा मागे पडलेला असायचा."

टीव्हीवर पट्ट्या उमटल्या, नावं नाहीत. निम्म्याहून जास्त मुलांनी पहिला बल्ब निवडला होता. मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "पहले वाला करंट खा जाता है, दूसरे को बचा-खुचा मिलता है." ही समजूत जगभरच्या वर्गांत सापडते. शिक्षकांच्या ती परिचयाची असते, पण ती आपल्या वर्गातल्या नेमक्या कुणाच्या मनात आहे हे सहसा कळत नाही. इथं ते मिनिटभरात कळलं.

काकूंनी उत्तर सांगितलं नाही. शेजारच्याला पटवून द्या, म्हणाल्या. पडवीत एकच गलका झाला. पुन्हा पुठ्ठे वर आले तेव्हा 'सी'ची पट्टी बरीच वाढली होती. आधी मत, मग आपसात चर्चा, मग पुन्हा मत ही पद्धत हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९०च्या दशकात रूढ केली.

त्यानंतरच काकूंनी टीव्हीवर फेटचं मंडल उघडलं. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम. त्याची आभासी प्रयोगांची साधनं मोफत आहेत, बरीचशी मराठीत आणि हिंदीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. एका मुलाने बोटाने तारा ओढून ९ व्होल्टची बॅटरी आणि एक बल्ब जोडला. तारेतून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागले. अमीटरवर ०.९० आलं. दुसरा बल्ब जोडल्यावर दोन्ही मंदावले, पण सारखेच. मग त्या मुलीनेच अमीटर पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर लावून पाहिला. तिन्ही ठिकाणी ०.४५. ठिपके कुठेच कमी होत नव्हते. बल्ब ऊर्जा घेतो, विद्युतधारा संपवत नाही, हे तिने आपल्या हाताने ताडून पाहिलं. खऱ्या तारेत हे डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

कुणीतरी बॅटरीची दोन टोकं थेट तारेने जोडली. पडद्यावर बॅटरीने पेट घेतला, मुलं ओरडली आणि काकूंनी त्यावरच शॉर्ट सर्किट समजावून सांगितलं. ही चूक इथं हवी तितक्यांदा करता येते. पण ठिपक्यांच्या वेगावर विश्वास ठेवू नका, हेही त्यांनी बजावलं. साध्या तारेतले इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. बल्ब लगेच लागतो तो मंडलातले सगळेच जवळजवळ एकाच वेळी हलू लागतात म्हणून.

भोपाळजवळच, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२मध्ये १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला होता. पाठांतर सोडून मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणं लिहायची आणि त्यावर वाद घालायचा, ही त्याची रीत. पुढे १९८२मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य'ने तो शेकडो शाळांत नेला. राज्य सरकारने २००२मध्ये तो बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. काकूंच्या पडवीत मला तीच रीत दिसली, फक्त हाताशी पडदा आला होता. वर्गात टीव्ही लावून तासभर व्हिडिओ दाखवत राहणं याला मी डिजिटल शिक्षण मानायला तयार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला, त्यांना २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यांच्या कामातही मोल आहे ते मुलाला आपल्या गतीने, घरी बसून धडा पुन्हा ऐकता येण्याला.

शेवटी काकूंनी टीव्ही बंद करून डबा उघडला. त्यात खरे सेल, तारा, टॉर्चचे बल्ब. मुलांनी दोन बल्ब एकसर जोडले, तर एक स्पष्टपणे जास्त उजळला! "मैडम, टीवी झूठ बोल रहा था," एक जण म्हणाला. काकूंनी बल्बांच्या जागा बदलायला सांगितल्या. उजेड बल्बाबरोबर गेला, जागेबरोबर नाही. मुलांनी बल्ब काढून कडेवरची बारीक अक्षरं वाचली. एकावर २.५ व्होल्ट, दुसऱ्यावर ३.८. सारखे बल्ब म्हणून डब्यातून आलेले सारखे नव्हतेच. काकूंनी लॅपटॉप जवळ ओढला आणि पुढच्या तासाच्या पुठ्ठ्यांसाठी नवा प्रश्न लिहायला घेतला: २.५चा आणि ३.८चा बल्ब एकसर जोडले, तर धारा कोणातून जास्त जाईल? ती मुलगी टाइप होत असतानाच म्हणाली, "सी."