दुसरा कोण?

फुटबॉल म्हटला म्हणजे आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें पायानें लाथाडावयाचा वाटोळा चेंडू येतो. अमेरिकेंत त्याच नांवाचा जो खेळ लोकप्रिय आहे, त्यांतील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असून तो बहुतेक हातानेंच फेकावयाचा किंवा बगलेंत धरून धांवावयाचा असतो. जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाचा या खेळाशीं संबंध तो काय, असें कोणी विचारील तर तें रास्तच होय. परंतु सन २०२३ च्या जुलै महिन्यांत आम्ही उभयतां कॅलिफोर्नियांतील सांता क्लारा येथें चिरंजीवांकडे राहिलों असतां या खेळावरून चाललेला एक वाद माझ्या कानीं पडला, आणि त्यानें माझ्याच हातून पूर्वीं घडलेल्या एका चुकीची आठवण जागी केली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. प्रत्येक पक्षाचे ११ गडी मैदानांत असतात. मैदानाची लांबी १०० यार्ड. चेंडू ज्याच्याकडे असेल त्या पक्षानें चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावें. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाचा. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं मध्यभागीं ओणवा झालेला गडी चेंडू आपल्या पायांमधून मागें देतो. तो ज्याच्या हातीं येतो, त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू कोणाकडे फेकावा, कोणाच्या हातीं द्यावा, कीं स्वतःच धांवावें, हें त्यानें जेमतेम तीन सेकंदांत ठरवावयाचें. आणि तेंही शंभर-सव्वाशें किलो वजनाचे चार-पांच मल्ल अंगावर धांवून येत असतांना! वाक्यांत जें क्रियापदाचें स्थान, तेंच संघांत याचें. बाकीचीं पदें कितीही सुंदर असोत, क्रियापद चुकलें कीं वाक्यार्थ बिघडला.

सांता क्लारा हें तेथील 'फोर्टी-नायनर्स' संघाचें ठाणें. सन १८४९ मध्यें सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियांत आलेल्या लोकांवरून हें नांव पडलें. संघ सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणवतो. पण त्याचें क्रीडांगण सन २०१४ पासून सांता क्लारा येथें आहे. जुलैच्या अखेरीस संघांचीं सराव-शिबिरें सुरू होतात. शिबिरास ९० गडी बोलावितां येतात. पण ऋतूचा आरंभ होण्यापूर्वीं त्यांतून ५३ जणच ठेवावयाचे. संघ एकंदर ३२. म्हणजे प्रत्येकीं ३७ याप्रमाणें सुमारें बाराशें तरुणांस ऑगस्टअखेर नारळ मिळतो. पैकीं कांहींना सराव-पथकांत जागा मिळते. त्या वर्षीं अशा जागा प्रत्येक संघास १६ होत्या. उरलेल्यांनीं घरचा रस्ता धरावा. म्हणून शिबिरापूर्वींचे ते दिवस म्हणजे आपल्याकडील मॅट्रिकच्या निकालापूर्वींचे दिवस समजावे. गल्लोगल्लीं एकच चर्चा : कोण राहणार, कोण जाणार?

चिरंजीवांच्या घरामागील अंगणांत दर रविवारीं सायंकाळीं ही सभा भरे. टपालखात्यांतून निवृत्त झालेले शेजारचे एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ, चिरंजीव, त्यांचे एक पुण्याकडील स्नेही, आणि आमचा चौदा वर्षांचा नातू, असे मुख्य सभासद. मी श्रोता, आणि आमच्या घरांतील मंडळी चहा देतां देतां अधूनमधून कान देत.

शेजारच्या गृहस्थांचा सिद्धांत असा कीं, क्वार्टरबॅक हेंच सर्वस्व. बाकीचा संघ हा त्याचा परिवार. त्यांचा पुरावाही सबळ होता. सन २०२२ च्या ऋतूंत फोर्टी-नायनर्सचें संरक्षण सर्व संघांत श्रेष्ठ ठरलें. त्यांच्याविरुद्ध जितके थोडे गुण झाले, तितके थोडे कोणाविरुद्धही झाले नाहींत. पण क्वार्टरबॅकच्या जागेवर जणूं शनीची दृष्टि! पहिला ट्रे लान्स. दुसऱ्याच सामन्यांत त्याचा घोटा मोडला. मागाहून जिमी गारोपोलो उभा राहिला. डिसेंबरांत त्याचें पाऊल मोडलें. मग पाळी आली ब्रॉक पर्डी या तिसऱ्याची. महाविद्यालयीन खेळाडूंची जी वार्षिक निवड एप्रिलमध्यें होते, तींत त्या वर्षीं २६२ जण निवडले गेले, आणि पर्डी नेमका २६२ वा! शेवटच्या मुलास तेथें थट्टेनें 'बिनमहत्त्वाचे श्रीयुत' अशा अर्थाची पदवी देतात. या बिनमहत्त्वाच्या मुलानें संघास एकामागून एक विजय मिळवून दिले आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत आणून ठेवलें.

"आणि तेथें काय झालें, ठाऊक आहे ना?" ते गृहस्थ मजकडे वळून म्हणाले. ता. २९ जानेवारी २०२३ रोजीं फिलाडेल्फिया येथील उपांत्य सामन्यांत आरंभींच पर्डीच्या कोंपरास जबर इजा झाली. बदली आलेला जॉश जॉन्सन हा जुना, अनेक संघांचें पाणी प्यालेला गडी. त्याच्याही डोक्यास मार बसून तो बाहेर गेला. तेव्हां ज्यास चेंडू लांब फेकतां येत नाहीं अशा पर्डीलाच पुन्हां उभें करावें लागलें. श्रेष्ठ संरक्षण, नांवाजलेले धांवपटू, सारें असून संघ ३१ विरुद्ध ७ असा हरला. पुढें मे महिन्यांत संघांच्या मंडळानें नियमच बदलला, आणि आणीबाणीसाठीं तिसरा क्वार्टरबॅक सामन्याच्या दिवशीं तयार ठेवण्याची सवलत दिली.

चिरंजीवांना हें मान्य नव्हतें. ते म्हणाले, "बाबा, हा एकांगी युक्तिवाद आहे. सन २००० चा बाल्टिमोरचा संघ पाहा. त्यांनीं १६ सामन्यांत अवघे १६५ गुण होऊं दिले. लागोपाठ पांच सामन्यांत त्यांना एकही टचडाउन करतां आलें नाहीं, तरी त्यांतले दोन जिंकले! क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर सामान्य प्रतीचा. पण अंतिम सामना ३४ विरुद्ध ७ असा मारला. आणि पुढल्याच वर्षीं त्या डिल्फरला निरोप दिला." शिवाय द्रव्याचाही प्रश्न आहेच. प्रत्येक संघाच्या एकंदर वेतनास मर्यादा असते. सन २०२३ मध्यें ती २२ कोटी ४८ लक्ष डॉलर होती. एकत्र कुटुंबाच्या खर्चाप्रमाणेंच हें आहे. एकाच्या पानांत तूप अधिक वाढलें, तर तें दुसऱ्या कोणाच्या तरी पानांतून कमी होणार.

पुण्याच्या स्नेह्यांचा रोख निराळा होता. शिबिरांत पहिला मान कोणास द्यावा, हा त्यांचा प्रश्न. लान्सला मिळविण्यासाठीं सन २०२१ मध्यें संघानें पहिल्या फेरीचे तीन हक्क खर्ची घातले होते आणि चार वर्षांचा सुमारें ३ कोटी ४० लक्ष डॉलरांचा करार केला होता. पर्डीचें त्या वर्षाचें वेतन नऊ लाखांच्याही आंत. त्यांत सॅम डार्नल्ड हा तिसरा उमेदवार नवीन आलेला; सन २०१८ मध्यें तिसऱ्या क्रमांकावर निवडला जाऊनही दोन संघांत ज्याचें बस्तान बसलें नाहीं असा. स्नेही म्हणाले, "एवढा पैसा ओतल्यावर लान्सला संधि नको का?" यावर नातू तत्काळ उत्तरला, "काका, पैसा ओतला म्हणून जागा द्यायची, कीं खेळतो म्हणून?" मुलाच्या तोंडून आलेल्या या प्रश्नानें सभा क्षणभर निरुत्तर झाली.

इतक्यांत आमच्या घरांतून शेरा आला. "तुमचें सारें खरें. पण मी म्हणतें, मोठ्या सूनबाईच्या हातची पुरणपोळी उत्तम म्हणून धाकटीला कधीं पाटाशीं बसूंच दिलें नाहीं, आणि ऐन होळीला थोरलीला ताप आला, तर दोष कोणाचा? धाकटीचा?"

सर्व हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आंतरशालेय संस्कृत वक्तृत्वाच्या चढाओढीसाठीं माझ्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांचीं नांवें पाठविलीं होतीं. पहिला अत्यंत तल्लख. वाणी शुद्ध, धीट. दुसरा कष्टाळू, पण बुजरा. तीन महिने मीं पहिल्यास रोज शाळा सुटल्यावर तास-तास उभें करून तयार केलें. दुसरा मागील बांकावर बसून ऐके. एकदां त्यानें भीत भीत विचारलें होतें, "गुरुजी, मी एकदां म्हणून दाखवूं का?" मीं म्हटलें, "पुढें पाहूं." तें 'पुढें' कधींच उजाडलें नाहीं. चढाओढीच्या दिवशीं सकाळीं पहिल्याचा घसा पार बसला. मीं दुसऱ्यास व्यासपीठावर पाठविलें. दोन परिच्छेद त्यानें बरे म्हटले. तिसऱ्यास तो अडला आणि सगळ्या सभेपुढें मुकाट्यानें खालीं आला. मीं त्यास काय सांगितलें? "तुझी तयारी कमी पडली." पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. तयारी कमी पडली ती त्याची नव्हे, माझी, हें त्यास सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

भारतकथेंत भीष्म पडले तों द्रोण उभे राहिले, द्रोण पडले तों कर्ण. कौरवांचा पक्ष अधर्माचा खरा. पण सेनापतीवांचून त्यांची सेना बसून राहिली नाहीं. मी तर धर्म शिकविणारा, आणि माझ्याजवळ दुसरा सेनापति नव्हता. किंवा असें म्हणूं, होता. मीं तो घडविला नव्हता.

याच्या उलट एक उदाहरण चिरंजीवांनीं सांगितलें. सन २००० मध्यें न्यू इंग्लंडच्या संघानें १९९ व्या क्रमांकावर निवडलेला एक हडकुळा मुलगा चौथा क्वार्टरबॅक म्हणून संघांत ठेवून घेतला. इतर संघ दोन किंवा तीन ठेवीत. यांनीं चौथ्यासाठीं जागा अडविली. वर्षभर तो शिकला. सन २००१ च्या सप्टेंबरांत पहिला मानकरी ड्रू ब्लेडसो जायबंदी झाला, तेव्हां हा तयार होता. त्याचें नांव टॉम ब्रेडी. पुढें सात वेळां तो विजेत्या संघांत होता.

पुढें शिबिर संपलें. पहिला मान पर्डीस मिळाला, दुसरा डार्नल्डला. आणि ज्याच्यासाठीं एवढें मोल मोजलें त्या लान्सला संघानें डॅलसच्या संघास चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या मोबदल्यांत देऊन टाकलें. डार्नल्ड वर्षभर दुसराच राहिला. परंतु तें वर्ष फुकट गेलें नाहीं. सन २०२४ मध्यें मिनेसोटाच्या संघाकडून उभा राहून त्यानें १७ पैकीं १४ सामने जिंकून दिले. पर्डीस सन २०२५ मध्यें पांच वर्षांचा साडेसव्वीस कोटी डॉलरांचा करार मिळाला.

तेव्हां वादाचा निर्णय काय? माझ्या अल्प मतीप्रमाणें दोन्ही पक्ष खरे आहेत. एका माणसावांचून संघ अडतो, हें खरें. आणि म्हणूनच केवळ एकाच माणसावर संघ उभा करूं नये, हेंही खरें. निघण्याच्या आदल्या रात्रीं मीं ही सारी हकीकत नातवास सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही त्यांना अजून कळवूं शकाल ना?"

परत आल्यावर शोध करून मीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तो आतां पन्नाशीच्या घरांत असेल. चार ओळींचें पत्र लिहून चूक माझी होती असें कळविलें. उत्तराची मीं अपेक्षा ठेविली नव्हती, आणि अद्याप तें आलेंही नाहीं. वाचकहो, आपापल्या घरीं, दुकानीं, शाळेंत पहिला कोण हें सर्वांस ठाऊक असतें. दुसरा कोण, आणि त्यास आपण आजवर एकदां तरी 'म्हणून दाखव' असें सांगितलें आहे काय, एवढें प्रत्येकानें आज रात्रीं आपल्या मनास विचारून पाहावें.