फुरशाच्या विषातलं जस्त

रायगडच्या किनारपट्टीवर डोंगरउताराचं गवत कापताना किंवा जांभ्याचा गडगा उपसताना हात जपावा लागतो तो फुरशापासून. लांबी जेमतेम फूट-दीड फूट. चिडलं की अंगाची वळी एकमेकांवर घासतं आणि करवतीसारख्या खवल्यांची करकर ऐकू येते. ‘एवढंसं जनावर, त्याचं विष ते किती’ असं म्हणत दंशावर हळद दाबून घरी बसणं हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. फुरशाच्या दंशाची खरी लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात: हिरड्यांतून रक्त, लालसर लघवी, जुन्या जखमेतून पुन्हा वाहू लागलेलं रक्त.

‘विष रक्त जाळतं’ असंही म्हटलं जातं. प्रत्यक्षात तिथे जळण्यासारखं काहीच नसतं. असते ती कात्री, आणि त्या कात्रीचं पातं म्हणजे जस्ताचा एक आयन.

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ. दोन मण्यांमधला दुवा म्हणजे पेप्टाइड बंध. हा बंध पाण्यात आपोआप सुटतो, असं अनेकांना वाटतं. पण १९९६ साली रॅडझिका आणि वुल्फेंडन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं, की २५ अंश तापमानाच्या साध्या पाण्यात असे निम्मे बंध तुटायला काही शतकं लागतात. ओल्या बोंबलात पाणीच जास्त, तरी तो नासतो तो पाण्यामुळे नव्हे. जिवाणूंमुळे आणि त्याच्याच पेशींतल्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे. उन्हात वाळवला की दोघांचंही काम थंडावतं.

मग जस्त नेमकं करतं काय? विषातली कात्री म्हणजे असंच एक विकर. त्याच्या खोबणीत हिस्टिडीन नावाची तीन अमिनो आम्लं जस्ताच्या आयनाला धरून बसलेली असतात. या आयनाला पाण्याचा एक रेणू चिकटतो. धन प्रभाराचं जस्त त्या रेणूतले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं, शेजारचं ग्लुटामेट त्याचा प्रोटॉन काढून घेतं, आणि एरवी थंड बसलेलं पाणी आक्रमक होऊन बंधातल्या कार्बनवर तुटून पडतं. बंध सुटतो. जस्त खर्च होत नाही, ते पुढच्या बंधाकडे वळतं.

फुरशाच्या विषातली अशी काही विकरं केशवाहिन्यांच्या अस्तरातलं कोलॅजन कापतात. इकॅरिन नावाचं विकर रक्तातलं प्रोथ्रॉम्बिन नेमक्या जागी कापून रक्त गोठवण्याची यंत्रणा अवेळी सुरू करतं. त्यात गुठळी बांधणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन संपून जातं आणि रक्त गोठेनासं होतं. अशा वेळी दंशाच्या जागी ब्लेडने चीर देणं म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणं.

म्हणून जस्तच विषारी ठरतं का? नाही. ताटातल्या बोंबलाची प्रथिनं पचवायला माणसाचं स्वादुपिंड जे कार्बोक्सिपेप्टिडेज पाठवतं, त्यातही जस्तच असतं आणि युक्तीही जवळपास हीच. उलट, नुसतं जस्त पाण्यात विरघळवलं तर प्रथिनाचे तुकडे पडत नाहीत. प्रयोगशाळेत सेरियम, झिर्कोनियम, पॅलेडियम यांचे आयन हे काम करतात, पण बहुधा गरम पाण्यात आणि तासन्‌तास. खरी धार येते ती विकराच्या खोबणीमुळे.

कात्रीचं पातंच काढून घेण्याचा विचार त्यातूनच आला. पाऱ्याच्या विषबाधेवर वापरलं जाणारं डीएमपीएस हे औषध धातूला पकडून ठेवतं. फुरशाच्या कुळातल्या सापांचं विष दिलेले उंदीर त्याने वाचल्याचे प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे केनियात निरोगी स्वयंसेवकांवर त्याची चाचणी झाली. ते अजून प्रतिविषाची जागा घेऊ शकत नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशाच्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. अशा रुग्णांचं रक्त गोठतंय का, हे पाहण्याची चाचणी अगदी साधी आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत २ मिली रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर प्रतिविष द्यायचं. प्रतिविष विषाला बांधतं, पण संपलेलं फायब्रिनोजेन यकृताला नव्याने बनवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणून नळीत गुठळी धरेपर्यंत दर ६ तासांनी हीच चाचणी पुन्हा केली जाते.