पापुद्रा टिकला पाहिजे

पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उघडी राहिली, की चुन्यावर पांढरी पापडी धरते. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळतो आणि त्याचं कार्बोनेट होतं. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून आपण ती दुधाळ करायचो, तेही हेच. अशाच पापडीने अल्कधर्मी इंधनघटाचा जमिनीवरचा रस्ता अडवला.

केंब्रिजच्या फ्रान्सिस टॉमस बेकन यांनी १९५९ मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावर चालणारा ५ किलोवॉटचा घट करून दाखवला. हायड्रोजन-ऑक्सिजन आत, वीज आणि पाणी बाहेर. त्याच घराण्यातले घट अपोलो यानांत बसले. अंतराळवीर त्यांतून निघालेलं पाणीच प्यायले. पण यानात टाकीतला शुद्ध ऑक्सिजन होता. रस्त्यावरच्या गाडीला साधी हवा घ्यावी लागते, आणि मग कार्बोनेटचे कण इलेक्ट्रोडची छिद्रं बुजवत जातात.

गाड्यांसाठी पुढे आम्लधर्मी पडद्याचे घट आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २०२० मध्ये चालवून पाहिलेल्या मोटारीतला घटही त्याच जातीचा. त्यांची अडचण उत्प्रेरक म्हणून लागणारं महाग प्लॅटिनम. आम्लात स्वस्त धातू विरघळतात. अल्कलीत निकेल, चांदी तग धरतात. म्हणून कल्पना निघाली, की द्रावण काढून टाकावं आणि धनभार पडद्यातल्या पॉलिमरच्या साखळीलाच जखडावा. हायड्रॉक्साइड आयन त्यातून पलीकडे जातील. कार्बन डायऑक्साइड तरीही त्रास देतोच, पण मोकळं पोटॅशियम नसल्याने खडे धरत नाहीत.

खरी झुंज इथून पुढे आहे. ज्या हायड्रॉक्साइडला वाट करून द्यायची, तोच वाट पोखरतो. धनभार असतो चार बाजूंनी कार्बन जोडलेल्या नायट्रोजनवर, आणि हायड्रॉक्साइड नेमका तो जोड तोडतो. साखळीत ऑक्सिजनचे दुवे असले तर तेही कापतो. २०१५ मध्ये मारिनो आणि क्रॉयर यांनी असे नायट्रोजन-गट १६० अंश सेल्सिअसच्या कडक कॉस्टिकमध्ये तपासले. नेहमीच्या वापरातला बेंझिल गट निम्मा संपायला ४ तास लागले. नायट्रोजन दोन कड्यांच्या सांध्यावर बसवलेल्या गटाला ११०. कडं तुटायचं तर रेणूला फार वेडंवाकडं वळावं लागतं, म्हणून ते टिकतं. डेलावेअर विद्यापीठातल्या युशान यान यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडलेल्या पडद्यात असंच एक कडं आहे, आणि साखळीत ऑक्सिजनचा दुवाच नाही.

तरी बाटलीतल्या कसोटीवर मी पूर्ण विसंबणार नाही. ८० अंशांच्या कॉस्टिकमध्ये हजार तास भिजवलेली फिल्म बाहेर काढतात, रंग पाहतात, दुमडतात. बिघडलेली असली तर ती पिवळी-तपकिरी पडून तडकते. पण बाटलीत पाणी मुबलक असतं. चालत्या घटात ऑक्सिजनच्या बाजूला पाणी खर्च होतं आणि पडदा तिथे सुकतो. पाण्याच्या रेणूंनी वेढलेला हायड्रॉक्साइड शांत असतो. वेढा विरळ झाला की तो कितीतरी जोराने तुटून पडतो. इस्रायलमधल्या टेक्निऑनच्या दारिओ डेकेल यांनी हे आग्रहाने मांडलं आहे. म्हणून नव्या पडद्याची बातमी आली की किती वॉट मिळाले हे मी नंतर वाचतो. घट किती तास चालवला आणि त्यातली हवा किती कोरडी होती, ते आधी शोधतो.