भिंतीवरचा कागद : आजचा आणि दहा वर्षांनंतरचा

घरात लग्नकार्य निघालं की भिंतींकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पूर्वी हा प्रश्न दोन दिवसांत मिटत असे. चुना भिजवला, चिमूटभर नीळ घातली, कुंचा फिरवला, खाली गेरूचा पट्टा ओढला, झालं! आता तालुक्याच्या गावच्या दुकानातही वॉलपेपरचं जाडजूड पुस्तक आपल्यापुढे उघडून ठेवतात. पानं उलटता उलटता डोळे दिपतात, आणि जे पान सगळ्यांत जास्त चमकतं त्यावर बोट पडतं. तिथंच थोडं थांबायला हवं. चुना पुढच्या दिवाळीला पुन्हा देता येतो. कागदाचं तसं नाही. तो उतरवायचा म्हणजे भिजवणं, खरवडणं, भिंत पुन्हा लुकणानं सारखी करणं, इतका सगळा खर्च पुन्हा आला. म्हणून आज काय आवडतं यापेक्षा दहा वर्षांनी काय खुपणार नाही, हे पाहणं जास्त गरजेचं.

पण नक्षीच्या आधी ओल. पुणे शहरात वर्षाला सुमारे सातशे मिलीमीटर पाऊस होतो. पश्चिमेला मुळशी-मावळकडे सरकावं तसा तो कितीतरी वाढत जातो. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत, मोरीला लागून असलेली भिंत, जोत्यातून पाणी वर ओढणारी जुनी दगडी भिंत, या तिन्हींवर कागद लावू नये. ओल आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि दोन दिवस राहू द्या. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे, असं समजा. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेतली.

मातीच्या आणि चुन्याच्या भिंतींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडची जुनी घरं बहुधा अशीच आहेत. अशी भिंत पावसाळ्यात दमटपणा घेते आणि उन्हाळ्यात तो सोडून देते. एका अर्थी ती श्वास घेते. तिच्यावर प्लॅस्टिकचा मुलामा असलेला, ज्याला व्हायनिल म्हणतात तो कागद चिकटवला की हा श्वास कोंडला. वरून सगळं छान दिसतं; आत मात्र बुरशी धरते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, आणि खळीच्या वासानं कसर येते ती वेगळीच. दुकानदार म्हणेल, हा कागद धुता येतो. खरं आहे, तो वरून धुता येतो! अशा भिंतीला चुनाच चांगला. भिजवलेला चुना हवेतला कार्बन वायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो, आणि ताजा असताना तो इतका जहाल असतो की बुरशीला थारा देत नाही. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर कागद लावायचा असला, तर निदान एक पावसाळा जाऊ द्यावा हे उत्तम.

आता नक्षीकडे वळू. भिंत जुनी दिसते म्हणजे काय होतं? चुन्यानं सारवलेली भिंत पन्नास वर्षांची असली तरी तिला कुणी जुन्या पद्धतीची म्हणत नाही. उलट बैठकीच्या खोलीत भिंतभर धबधब्याचं किंवा बर्फाच्या डोंगराचं रंगीत चित्र दिसलं की पाहुणा बसायच्या आत ओळखतो, की हे 1980 च्या सुमाराचं काम. रबरी रोलरनं उठवलेली फुलं, नंतर आलेली खरबरीत टेक्स्चरची भिंत, तीन भिंती फिक्या आणि चौथी गडद जांभळी, अलीकडची भिंतीतून बाहेर आल्यासारखी वाटणारी प्रचंड गुलाबं, या सगळ्यांची गत तीच. जी वस्तू ‘मी नवी आहे’ असं ओरडून सांगते, तिच्यावर तिची जन्मतारीखही लिहिलेली असते. शिवाय चित्राला एक गोष्ट सांगायची असते, ती पहिल्या आठवड्यात सांगून होते. पुढं रोज तोच धबधबा!

याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. शनिवारवाड्याजवळ नाना फडणविसांनी 1780 च्या सुमारास बांधलेला नाना वाडा पाहा, किंवा दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला विश्रामबागवाडा पाहा. नक्षी आहे, भरपूर आहे. पण ती बहुतेक लाकडात आहे. सुरूदार खांब, महिरपी, छताच्या तुळया यांवर सगळं कोरीवकाम. वाईजवळच्या मेणवलीला नानांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत. नाना वाड्यातही आहेत. पण ती काही सबंध घरभर नाहीत. सामान्य ब्राह्मणी किंवा मराठा वाड्यात तर भिंतीला पांढरा चुना, दोन कोनाडे आणि एक देवळी, एवढंच. बायका नक्षी काढत त्या अंगणात आणि उंबऱ्यावर, रांगोळीनं, आणि ती दुसऱ्या दिवशी पुसत.

हेच आपल्या लुगड्यातही दिसतं. इरकली घ्या, अंगभर एकच रंग, फार तर बारीक चौकडा, आणि नजर खेचणारं काम काठाला आणि पदराला. म्हणून ते लुगडं सासूनं नेसलं तरी शोभतं आणि सुनेनं नेसलं तरी शोभतं. कागद निवडताना भिंतीला लुगड्याचं अंग समजा. नक्षी बारीक असावी, रंग जवळजवळचे असावेत, आणि चार पावलं मागं सरकलं की नक्षी विरून नुसता पोत उरावा. ठसठशीत वेलबुट्टी हवीच असेल तर ती काठासारखी, दाराच्या उंचीवरून जाणाऱ्या एका पट्टीत घ्यावी. कंटाळा आला तर पट्टी बदलणं हे एका दुपारचं काम आहे.

तुम्ही म्हणाल, मग भरगच्च नक्षीचा कागद कधी टिकतच नाही का? टिकतो. इंग्लंडात विल्यम मॉरिस नावाच्या कारागिरानं 1887 मध्ये विलो झाडाच्या फांद्यांचा एक कागद काढला. तो आजही छापून विकला जातो. त्यात नुसती पानं आहेत, एकात एक गुंतलेली. डोळा एका जागी अडकत नाही, आणि नक्षी कुठं संपून पुन्हा सुरू होते तो सांधा चटकन सापडत नाही. दुकानात पान पाहताना हीच कसोटी लावावी. सांधा पहिल्याच नजरेत सापडला, तर अंथरुणावर पडल्या पडल्या रोज तोच मोजत बसाल.

वारली चित्रांच्या कागदाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. वारली घरात लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठानं काढतात. तो त्या लग्नापुरता असतो, पुढं धुरानं आणि हातानं पुसट होतो. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणली, पण त्यांचंही प्रत्येक चित्र निराळं. तीच तारपा वाजवणारी माणसं दर दोन फुटांवर तशीच्या तशी छापली की त्यातला जीवच जातो.

खरेदीचा हिशेब एकदा हातानं करून पाहावा. बाजारात नेहमी मिळणारी गुंडाळी साधारण 53 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब, म्हणजे 57 चौरस फुटांची असते. भिंत 12 फूट रुंद आणि 10 फूट उंच असेल तर क्षेत्रफळ 120 चौरस फूट. वाटतं, दोन गुंडाळ्यांत जवळजवळ भागलं. पण रुंदीला सात पट्टे लागतात आणि एका गुंडाळीतून तीनच निघतात. म्हणजे तीन गुंडाळ्या झाल्या. मोठ्या फुलांची, दर 90 सेंटिमीटरला पुन्हा येणारी नक्षी घेतली तर फूल फुलाला जुळवताना प्रत्येक पट्टा साडेतीन मीटरच्या वर कापावा लागतो. मग एका गुंडाळीत दोनच पट्टे, आणि चार गुंडाळ्या. मोठी नक्षी लवकर जुनी तर दिसतेच, वर पैसेही जास्त घेते. सगळ्या गुंडाळ्या एकाच छपाईच्या क्रमांकाच्या घ्याव्यात. उरलेला तुकडा ट्रंकेत जपून ठेवावा. पुढं कुठं फाटलं तर तोच उपयोगी पडतो.

आणि पुस्तकातल्या वीतभर पानावरून निर्णय घेऊ नये. मोठा तुकडा मागून घ्यावा, भिंतीला टाचणीनं लावावा, आठवडाभर सकाळच्या उन्हात आणि रात्रीच्या दिव्यात पाहावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. त्यांनी बऱ्याच फॅशनी येताना आणि जाताना पाहिलेल्या असतात.

गुरुजींसाठी आणि बाईंसाठी थोडं वेगळं. आपल्या प्राथमिक शाळांतून ‘बोलक्या भिंती’ रंगवतात, हल्ली छापील चिकटचित्रंही लावतात. या भिंती जुन्या होतात त्या नक्षीनं नव्हे, तर मजकुरानं. नऊ ग्रहांची सूर्यमाला ज्यांनी तैलरंगात रंगवली, त्यांची भिंत 2006 मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून निघाल्याबरोबर चुकीचं बोलू लागली. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा, 1960 मध्ये, जिल्हे 26 होते. 2014 मध्ये पालघर झाला आणि ते 36 झाले. मुलं पुस्तकात एक वाचतात आणि भिंतीवर दुसरं, आणि भिंत मोठी असल्यामुळे तिच्यावर जास्त विश्वास ठेवतात. म्हणून पक्क्या रंगात मुळाक्षरं, पाढे, एक मीटरची खुणा केलेली पट्टी, उंची मोजायची रेघ, वर्गाच्या जमिनीवर उत्तर दिशेचा बाण एवढंच घ्यावं. जिल्ह्यांचा नकाशा मात्र कागदाचा असावा आणि खिळ्याला टांगलेला असावा, म्हणजे नवा आला की जुना उतरवता येतो.