ऑईल इंजिनाची निगा, लेखांक नववा : बांधून झाले, पण सुरू होत नाही

लायनर, पिस्टन व रिंगा नव्या घालून, व्हॉल्व्ह घासून आणि हेडचे नट आवळून इंजिन पुन्हा उभे करण्यापर्यंतचा तपशील गेल्या लेखांकात आला होता. आता हँडल मारूनही ते सुरू होत नाही, इकडे पीक पाण्यावाचून सुकू लागले आहे, आणि अशा वेळी फिटर व मालक दोघेही अधीर होऊन एकदमच नोझल उतरवितात, पंप हलवितात, टॅपेट सैल करतात; मग मूळ दोष कोणता आणि मागाहून निर्माण झालेला कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, एका वेळी एकाच गोष्टीला हात लावावा, आणि तोही आधी डिझेल, मग दाब, मग वेळ या क्रमाने. उदाहरणादाखल ८० मिलिमीटर बोअरचे, ११० मिलिमीटर स्ट्रोकचे, मिनिटाला १५०० फेरे करणारे, ५ अश्वशक्तीचे उभे किर्लोस्कर इंजिन आपण नजरेसमोर ठेवू.

हँडल फिरत असता सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. धूर मुळीच नसेल तर डिझेल सिलिंडरात पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर ते पोचते, परंतु पेटत नाही.

उतरविलेल्या नळ्यांत हवा भरलेली असते, आणि हवा दबत असल्यामुळे पंपातील प्लंजरची सारी चाल ती दाबण्यातच खर्ची पडते. नोझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाब लागतो, तो होतच नाही. यासाठी प्रथम फिल्टरचा, मग पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे, आणि शेवटी नोझलकडील नट ढिला ठेवून हँडल फिरवावे. तो आवळल्यावर फ्लायव्हील फिरविताच नोझलचा किरकिर आवाज आला पाहिजे. न आल्यास गव्हर्नरचा दांडा बंद स्थितीतच अडकला आहे काय, हे पाहिल्याशिवाय पंप उतरवू नये.

डिझेल पोचूनही पेटत नसेल तर दाबाची चौकशी करावी. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. हवा साडेसोळापट आकुंचित होऊन जी तापते, त्या उष्णतेवरच सारा कारभार चालतो. येथे बांधणीतील एक बारीक गोष्ट नेहमी नडते: व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये किंचित खोल बसतो, त्याची दांडी तितकीच वर येते, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह कायमचा अधांतरी राहतो. सिलिंडरखाली पॅकिंग जादा पडले तरी दाब घटतो. या इंजिनात अर्ध्या मिलिमीटरने साडेसोळाचे प्रमाण साडेपंधरावर येते, आणि थंडीतल्या पहाटे तेवढा फरक इंजिन अडवून धरण्यास पुरेसा असतो. याउलट फट फार कमी ठेवली तर पिस्टन हेडला लागेल. म्हणून पिस्टनवर शिशाची तार ठेवून, फ्लायव्हील हाताने एकदा पूर्ण फिरवून, चेपलेल्या तारेची जाडी मोजणे हाच खात्रीचा मार्ग होय. नव्या रिंगा अद्याप बसलेल्या नसतात, तेव्हा चमचाभर तेल सिलिंडरात सोडून पाहावे. दाब वाढला तर गळती रिंगांची, न वाढला तर व्हॉल्व्हची किंवा पॅकिंगची समजावी. तेल चमचाभरच, कारण जास्त झाल्यास ते पिस्टनवर साचून कनेक्टिंग रॉड वाकविते.

उरली वेळ, आणि माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळे येथेच होतात. क्रँक व कॅम यांच्या गिअरवरील खुणा जुळल्या नाहीत तर एका दाताची चूकही महाग पडते. क्रँकच्या गिअरला ३० दाते धरले तर एक दाता म्हणजे १२ अंश. डिझेल मात्र पिस्टन माथ्यावर पोचण्यापूर्वी सुमारे २३ अंश, म्हणजे फ्लायव्हीलच्या परिघाचा जवळजवळ सोळावा भाग आधी, सुटले पाहिजे. ही वेळ तपासण्यास उपकरण लागत नाही. पंपावरील जाड नळी काढावी, उघड्या तोंडातील डिझेल फडक्याने टिपून घ्यावे, आणि दाबाच्या फेऱ्यात फ्लायव्हील चालीच्या दिशेने अगदी सावकाश फिरवीत त्या तोंडाकडे डोळा ठेवावा. पृष्ठभाग किंचित हलला की त्याच क्षणी थांबून फ्लायव्हीलवरील खूण पाहावी. डिझेल उशिरा सुटत असेल तर पंपाखालील एखादी पातळ शिम काढावी, लवकर सुटत असेल तर घालावी.

ट्रॅक्टरसारख्या, पंपाला स्वतंत्र गिअर असलेल्या इंजिनात आणखी एक धोका आहे: पंप नेमका अर्धा फेरा उलटा बसतो, सर्व खुणा वरवर बरोबर भासतात, आणि डिझेल मात्र एक्झॉस्टच्या फेऱ्यात सुटते. पहिल्या सिलिंडरचे डिझेल सुटण्याच्या क्षणी त्याचे दोन्ही रॉकर सैल हलत आहेत ना, एवढे बोटांनी चाचपून पाहिले की शंका फिटते. आपल्या एका सिलिंडरच्या इंजिनात पंपाचा कॅम व व्हॉल्व्हचे कॅम एकाच दांड्यावर असल्यामुळे हा प्रकार संभवत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर लगेच पंपाचा पट्टा चढवू नये. काही वेळ ते बिनभाराने चालवावे, तेलाचा दाब व पाण्याचा प्रवाह पाहावा, आणि गरम झालेल्या हेडचे नट थंड झाल्यावर पुन्हा क्रमाने आवळून टॅपेटची फट फिरून मोजावी. नव्या रिंगा बसेपर्यंत भार कसा वाढवीत न्यावा, याचा विचार पुढील लेखांकात करू.