झोत आणि शोष : तुंबलेल्या नालीचे विज्ञान

पावसाळ्याच्या तोंडावर, आणि परळी वैजनाथसारख्या तीर्थक्षेत्री महाशिवरात्रीच्या आधीही, नालेसफाईचा विषय वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर हटकून येतो. त्यासोबत अलीकडे एका यंत्राचे छायाचित्रही असते : ट्रकच्या पाठीवर आडवी गोल टाकी, तिच्यामागे होजपाइप गुंडाळलेले मोठे रीळ आणि रस्त्यावरच्या उघड्या चेंबरमध्ये उतरलेले त्या पाइपचे टोक. या जेटिंग यंत्राविषयी बातमीत बहुधा एकच आकडा दिलेला असतो आणि तो दाबाचा असतो. कारागिरांच्या बोलीत ‘शंभर किलो प्रेशर’ म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर शंभर किलोग्रॅम वजनाइतका दाब, जो शास्त्रीय एककात जवळजवळ शंभर बार भरतो. जाहिरातीत हाच दाब ‘पीएसआय’ या इंग्रजी मापात सांगितला की आकडा साडेचौदा पटींनी फुगतो आणि यंत्र तितकेच थोर वाटू लागते. प्रत्यक्षात दाबाच्या एकट्या आकड्यावरून नाली साफ होईल की नाही हे मुळीच कळत नाही, आणि ते का कळत नाही याचे उत्तर पावणेचारशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे.

त्याआधी नाली मुळात का तुंबते हे पाहणे आवश्यक आहे, कारण मराठवाड्यात तुंबण्याचे मूळ बहुतेक वेळा कचऱ्याइतकेच पाण्याच्या टंचाईत असते. सांडपाण्याच्या नळांची आखणी करताना अभियंते एक किमान वेग गृहीत धरतात. सेकंदाला सुमारे ०.६ मीटर या वेगाने पाणी दिवसातून एकदा तरी वाहिले तर तळाशी बसलेली वाळू आणि मैला ते स्वतःच पुढे ढकलते, म्हणून याला स्वतःची सफाई स्वतः करणारा वेग असे म्हणता येईल. हा वेग मिळावा यासाठी केंद्रीय नियमपुस्तिकेत दर माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येणे असा हिशेब मांडलेला आहे. परळीसारख्या ज्या गावाची तहान नागापूरच्या वाण प्रकल्पावर भागते आणि ज्या गावाशेजारचे औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेथे हा हिशेब दरवर्षी जुळेल अशी अपेक्षा करणे धाडसाचे ठरते. नळाला कित्येक दिवसांआड पाणी आले की घरोघरी ते जपून वापरले जाते, भांडी थोडक्यात विसळली जातात, आणि मोरीतून नालीकडे जाते ते पातळ पाणी नव्हे तर घट्ट काला. (व्हिक्टोरियन काळातील इंग्रज अभियंत्यांनी यावर अंड्याच्या आकाराची गटारे हा देखणा उपाय काढला होता : टोकदार बाजू खाली ठेवली की थोडेसे पाणीही अरुंद तळातून खोल आणि वेगाने वाहते. गोल सिमेंटचे पाइप स्वस्तात मिळू लागल्यावर ही अक्कल मागे पडली.)

तळाशी बसणाऱ्या गाळाचे घटकही गावागणिक बदलतात. परळीत मंदिर परिसरातील बेलपत्रे व निर्माल्य येते, रस्त्यांवरची माती येते आणि वीज केंद्राच्या राखेच्या वाहतुकीतून उडणारी बारीक राखही येते. ही राख वाहत्या पाण्यात सहज तरंगत जाते, पण पाणी थबकले की निमूटपणे तळ गाठते. सर्वांत चिवट पदार्थ मात्र स्वयंपाकघरात तयार होतो. तळणीचे तेल सांडपाण्यात सडते तेव्हा त्यातून मेदाम्ले सुटी होतात आणि पाण्यातील अथवा सिमेंटमधील कॅल्शियमशी त्यांचा संयोग होऊन एक प्रकारचा न विरघळणारा साबण बनतो. विंधनविहिरीच्या जड पाण्याने अंघोळ करताना साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढुरकी साय धरते, ती याच पदार्थाची धाकटी बहीण होय. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली सापडलेला असा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. या लेपावर सळईचा किंवा बांबूच्या कामटीचा उपयोग मर्यादित असतो. कामटी गाळात भोक पाडते, तुंबलेले पाणी धावत निघून जाते, घरमालक समाधान पावतो आणि पाइपच्या भिंतीवरचा लेप जसाच्या तसा राहिल्याने महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा उद्भवते. भिंतच खरवडायची असेल तर सर्व बाजूंना पोचणारे हत्यार लागते, आणि पाण्याचा झोत हे तसे हत्यार आहे.

झोताचे गणित एव्हांजेलिस्टा टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली प्रसिद्ध केले. शालेय पुस्तकांत हा मनुष्य पाऱ्याच्या नळीपुरता उरला आहे, हा त्याच्यावर झालेला अन्यायच म्हणावा लागेल. गॅलिलिओच्या अखेरच्या तीन महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला, त्याच्या पश्चात तस्कनीच्या दरबारात त्याच्या जागी आलेला आणि अवघ्या ३९ व्या वर्षी निवर्तलेला हा गणितज्ञ पाण्याच्या प्रश्नात आकंठ बुडालेला होता. व्हाल दि क्याना या दलदलीच्या खोऱ्याचा निचरा कसा करावा या वादातही त्याने मत दिले होते, म्हणजे तुंबलेल्या पाण्याशी त्याचा संबंध केवळ कागदावरचा नव्हता. त्याने दाखवले की टाकीच्या तळाच्या भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग, भोकाच्या वर जितके उंच पाणी असेल तेवढ्या उंचीवरून मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या वेगाइतका असतो आणि म्हणून तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उंचीच्या जागी दाब ठेवला तरी नियम तोच राहतो. शंभर बार दाब म्हणजे एक किलोमीटरहून थोड्या अधिक उंच टाकीच्या तळाचा दाब. त्यातून सुटणारा झोत सेकंदाला सुमारे १४१ मीटर, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात धावतो. वर्गमुळाची गंमत अशी की दाब शंभरावरून दीडशे बार केला तरी झोताचा वेग दीडपट होत नाही, तो जेमतेम २२ टक्क्यांनी वाढतो.

येथेच दाबाच्या आकड्याचे पितळ उघडे पडते. मोटारगाडी धुण्याचा घरगुती पंप आणि नगरपालिकेचे जेटिंग यंत्र हे दोन्ही शंभर बार दाब देऊ शकतात आणि दोहोंच्या झोताचा वेग सारखाच असतो. फरक आहे तो मिनिटाला किती पाणी सुटते यात. घरगुती पंप मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी सोडतो आणि त्यासाठी विहिरीवरच्या लहान मोटारीइतकी, दीड हॉर्सपॉवर शक्ती त्याला पुरते. मोठे यंत्र मिनिटाला २०० लिटर पाणी सोडत असेल तर त्याच दाबासाठी पंचेचाळीस हॉर्सपॉवर लागतात, म्हणजे शेतातला एक बऱ्यापैकी ट्रॅक्टर त्या झोतामागे जुंपलेला असतो. पहिल्या झोताचा धक्का दीड किलोच्या आसपास, तर दुसऱ्याचा पन्नास किलोच्या जवळ भरतो. न्हाणीघराच्या दोन इंची पाइपला पहिला झोत चालून जातो. रस्त्याखालच्या नऊ इंची नळात तो सुटलेला गाळ वाहून नेऊ शकत नाही, केवळ ढवळतो.

शिवाय दाब मोजला जातो पंपाजवळ आणि काम करायचे असते शंभर मीटर लांबच्या नोझलपाशी. होजपाइपच्या आतल्या घर्षणाने वाटेत किती दाब खाल्ला जातो याचे प्रमाण पाइपच्या व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते, आणि पाचवा घात ही निर्दय चीज आहे : मिनिटाला २०० लिटर पाणी २५ मिलिमीटर व्यासाच्या होजमधून शंभर मीटर नेताना वीस बारच्या आत दाब खर्ची पडतो, पण तेच १९ मिलिमीटरच्या होजमधून नेले तर सत्तर बारांवर पाणी सोडावे लागते. यंत्रावरचा काटा दोन्ही वेळा शंभरच दाखवत असतो.

नोझल हा या यंत्राचा सर्वांत मोहक भाग. नळात सरकवलेला होज कोणीही मागून ढकलत नाही, तो स्वतःच पुढे जातो, कारण नोझलची बहुतेक भोके मागच्या बाजूला तिरपी असतात; झोत मागे सुटतात आणि त्यांच्या प्रतिक्रियेने नोझल पुढे खेचले जाते. दिवाळीतले भुईचक्र ज्या कारणाने फिरते त्याच कारणाने काही नोझलांची डोकीही फिरतात आणि भिंत चहूबाजूंनी खरवडतात. मात्र खरी सफाई पुढे जाताना होत नाही, ती होज परत ओढताना होते. नोझल खालच्या चेंबरमधून चढाच्या दिशेने धाडले जाते आणि रीळ संथपणे गुंडाळताना मागे सुटणारे झोत गाळाची रास आपल्यापुढे लोटत खालच्या चेंबरमध्ये आणून टाकतात. घाई करून होज भराभर ओढला तर गाळ वाटेतच राहतो; कुशल चालक ओळखला जातो तो रीळ सावकाश फिरवण्याच्या सवयीवरून. फुटक्या सांध्याच्या जुन्या चिनीमातीच्या पाइपमध्ये एकाच जागी झोत धरून ठेवला तर सांधा उखडून बाहेरची माती आत यायला लागते, हेही त्याला ठाऊक असावे लागते.

चेंबरमध्ये जमलेला गाळ उपसण्याचे काम यंत्राचा दुसरा अवयव, म्हणजे सक्शन, करतो. आणि तेथे पुन्हा टॉरिसेलीच उभा असतो. पंपाने पाणी दहा मीटरांपलीकडे शोषले जात नाही हे कोडे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नोंदवले होते. पाणी ओढले जात नाही, वातावरण ते खालून ढकलते आणि त्याची ताकद तेवढीच आहे, हा उलगडा टॉरिसेलीच्या पाऱ्याच्या प्रयोगाने केला. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहून उंच असलेल्या परळीत ही मर्यादा दहा मीटरांच्याही किंचित आत येते, आणि घट्ट गाळ पाण्याहून जड असल्याने ती आणखी घटते. झोत आणि शोष ही दोन्ही कामे एकाच ट्रकवर करणाऱ्या यंत्राला कारखानदारांनी ‘जेटिंग-कम-सक्शन’ असे अरसिक नाव दिले आहे. टॉरिसेलीचे नाव त्यावर रंगवायला हरकत नव्हती.

या यंत्राने माणसाचे चेंबरमध्ये उतरणे थांबावे हा त्याचा सर्वांत मोठा उपयोग होय. हाताने मैला साफ करवून घेण्यास १९९३ च्या आणि नंतर अधिक व्यापक अशा २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. गटारातील मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. ज्याअर्थी रक्कम वाढवावी लागली त्याअर्थी मृत्यू थांबले नव्हते. एक गोष्ट यात विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे : सडत्या गाळात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड वायू झोताने गाळ ढवळताच मोकळा सुटतो आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे ‘आत्ताच जेटिंग झाले आहे, आता वास नाही’ हे आत उतरण्याचे कारण ठरू शकत नाही. उलट ती वेळ अधिक धोक्याची असते.

राहिला प्रश्न पाण्याचा. मिनिटाला २०० लिटर या दराने सहा हजार लिटरची टाकी अर्ध्या तासात रिकामी होते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीसमोर पिण्याजोगे पाणी गटारात सोडणे कोणालाही रुचणार नाही. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते; तसले पाणी जेटिंगला सहज चालते. मोठ्या शहरांत आता उपसलेल्या गाळातले पाणी ट्रकवरच गाळून पुन्हा झोतासाठी वापरणारी यंत्रे आली आहेत, आणि दुष्काळी गावांना खरी गरज त्यांची आहे. ती महाग आहेत आणि त्यांची बहुतेक किंमत गाळण्यांची आहे, कारण नोझलची भोके अवघी दोन मिलिमीटरच्या आसपास असतात. वाळूचा एखादा खडा त्यात अडकला तर ते भोक बंद होते, धक्का एका बाजूने कमी पडतो आणि नोझल नळात वाकडे चालू लागते. मग होज पुन्हा बाहेर ओढून, नोझल उतरवून, चालक खिशातली बारीक तार त्या भोकात घालून फिरवतो.