शिशाची पट्टी आणि बडोद्याचे ऊन

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या बेल्जियन काचांचे कौतुक होते ते रंगांसाठी. पण अशी खिडकी टिकते ती शिशाच्या पट्टीवर. रंगीत काचा शिशात जोडण्याची ही कला वाढली युरोपातल्या चर्चमध्ये. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातल्या काचांवर संतांच्या कथा आहेत आणि पाव भाजणारे, जोडे शिवणारे कारागीरही आहेत. आधी काचेचे तुकडे कापायचे. लोखंडाचा गंज आणि काचेची पूड कालवून केलेल्या रंगाने त्यांवर चेहरे, वस्त्रांच्या चुण्या रेखायच्या आणि ते भट्टीत भाजायचे. मग दोन्ही अंगांना खाच असलेल्या शिशाच्या पट्टीत बसवून सांध्यांना डाख द्यायचा, फटींत लांबी भरायची. काचेचा रंग उन्हाने उडत नाही. थकते ते शिसे. तापले की ते काचेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, रात्री आकसते. असे वर्षानुवर्षे झाले की पट्टीला बारीक भेगा पडतात आणि तावदानाला पोट सुटते. शंभर-सव्वाशे वर्षांत शिसे बदलण्याची वेळ येते. राजवाडा १८९० मध्ये पूर्ण झाला. मूळचे शिसे जिथे असेल, तिथे ही मुदत उलटली आहे.

यावर कोणी म्हणेल, हे परक्यांचे अनुकरण, राजाची हौस; त्यासाठी आपण का झिजावे? पण तंत्राला धर्म किंवा देश चिकटलेला नसतो. तैलरंगही युरोपातूनच आले, आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी त्याच तंत्रात राजा रविवर्मांकडून पुराणातले प्रसंग रंगवून घेतले. ती चित्रे आपण परकी मानत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: नवी रंगीत काच बसवली तर काय बिघडले? बिघडते. जुन्या, हाताने केलेल्या काचेची जाडी असमान असते, आत बुडबुडे असतात. त्यामुळेच रंगाला खोली येते. दुरुस्तीत जुना तुकडा न् तुकडा वाचवायचा असतो. तावदानाचा कागदावर ठसा घ्यायचा, तुकड्यांना क्रमांक द्यायचे, मऊ कुंचल्याने धूळ काढायची. आम्लाने घासले तर भाजलेली रेषाच निघून जाते, आणि ती पुन्हा आणता येत नाही.

हे हातांनी शिकायचे काम आहे. बडोद्यात १८९० मध्येच कलाभवन सुरू झाले, ते कारागिरीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्यासाठी. शिसे ओतणारे, डाख देणारे हात याच शहरात तयार व्हायला हवेत. जुन्या वास्तू ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनी काच गळण्याची वाट न पाहता पट्ट्या तपासून घ्याव्यात.